डीएनएस हलवलं आणि मेल बंद पडला : काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

आधी लक्षणं. डोमेनचं डीएनएस (साइट आणि मेल कुठे आहेत ते जगाला सांगणारी नोंदवही) एका कंपनीकडून दुसरीकडे नेल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत यातलं काहीतरी दिसायला लागतं :

– बाहेरून येणारे मेल थांबतात. तुमच्याकडून जाणारे जात असतात, म्हणून बिघाड उशिरा लक्षात येतो.
– एका पार्टीचे मेल येतात, दुसऱ्या पार्टीचे येत नाहीत. सकाळी आले, दुपारी नाहीत, असंही होतं.
– पाठवणाऱ्याकडे मेल परत जातो. त्यात 'डोमेन सापडलं नाही' किंवा 'असा युजर नाही' असं लिहिलेलं असतं.
– तुमची कोटेशनं समोरच्याच्या स्पॅममध्ये पडायला लागतात.
– बाकी सगळं सुरळीत, पण वेबसाइटच्या एन्क्वायरी फॉर्मचे मेल गायब.
– ब्राउझरमध्ये मेल दिसतात, आउटलुक किंवा मोबाइलवर मात्र सर्व्हर सापडत नाही किंवा पुन्हा पुन्हा पासवर्ड मागितला जातो.
– साइट आणि मेल दोन्ही बंद, तेही काही नेटवर्कवरच. ऑफिसच्या ब्रॉडबँडवर बंद, मोबाइल डेटावर चालू.

तुमचं लक्षण यातलं कोणतं, ते कागदावर लिहून ठेवा आणि बदल कधी केला ती वेळही लिहा. प्रत्येक लक्षणाचं कारण वेगळं असतं. 'मेल चालत नाही' एवढ्यावर शोधायला बसलं तर दिवस जातो.

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातल्या छोट्या कंपन्यांसाठी मी हे काम करतो. फोन बहुतेक वेळा एकाच कारणाने येतो. वेबसाइट करणाऱ्याने नवं होस्टिंग घेतलं, रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, पॅनेलमध्ये जाऊन नेमसर्व्हर (डीएनएसची वही ठेवणारे सर्व्हर) बदलले, साइट उघडली, काम झालं. मेलचा विचार कुणी केलाच नव्हता, कारण मेल दुसऱ्याच कंपनीकडे आहे आणि त्याला कुणी हात लावलेला नाही. पण नेमसर्व्हर बदलणं म्हणजे सगळ्या जगाला 'आजपासून ही वही सोडा, ती वाचा' असं सांगणं. जुन्या वहीत साइटचा पत्ता होता, मेलचा होता, बिलिंग सॉफ्टवेअरची परवानगी होती. नव्या वहीत फक्त साइटचा पत्ता लिहिला गेला. मेलबॉक्स जागेवरच आहे, तिथे यायचा रस्ता पुसला गेलाय.

जग दुसरी वही वाचायला एका क्षणात लागत नाही. डॉट कॉमच्या मुख्य सर्व्हरवर नेमसर्व्हरची नोंद १,७२,८०० सेकंद, म्हणजे ४८ तास लक्षात ठेवायला सांगितलेली असते. एवढा वेळ कुणी जुनी वही वाचतंय, कुणी नवी. म्हणून माझं या कामातलं सगळ्यात ठाम मत असं : या काळात दोन्हीकडे एकच मजकूर असायला हवा. घाबरून नेमसर्व्हर परत जुने करू नका. त्याने गोंधळ आणखी दोन दिवस लांबतो. नव्या जागी जे राहिलंय ते भरा आणि जुनी जागा चालू ठेवा.

मेल खरोखर हरवतो कधी

हे समजलं की किती घाई करायची ते ठरवता येतं. पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला तुमचा सर्व्हर तात्पुरता लागत नसेल, तर तो मेल रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतो. प्रमाणित नियमावली चार-पाच दिवस प्रयत्न करायला सांगते. काही कंपन्या त्याआधीच सोडून देतात. तोपर्यंत दुरुस्ती झाली तर मेल उशिरा येतो, पण येतो. 'असं डोमेनच नाही' किंवा 'असा युजर नाही' असं ठाम उत्तर मिळालं, तर तो थांबत नाही, मेल लगेच परत करतो. निदान पाठवणाऱ्याला कळतं.

सगळ्यात वाईट प्रकार तिसरा. डोमेनला एमएक्स रेकॉर्डच, म्हणजे मेल कुठे न्यायचा ते सांगणारी नोंदच, नसेल, तर मेल पाठवणारे सर्व्हर नियमाप्रमाणे डोमेनच्या ए रेकॉर्डवर, म्हणजे वेबसाइटच्या सर्व्हरवर मेल नेऊन बघतात. स्वस्त होस्टिंगच्या त्या सर्व्हरवर मेलची व्यवस्थाही आपोआप सुरू असते. तिथे कुणी 'इन्फो' नावाचा मेलबॉक्स कधी बनवलेला असेल किंवा सगळे मेल पकडणारं खातं चालू असेल, तर मेल तिथे मुकाट्याने स्वीकारला जातो. पाठवणाऱ्याला वाटतं पोचला. तुम्हाला वाटतं आलाच नाही. न्हावा शेवाला कंटेनर उभा आहे, सीएचएने (कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटने) कागद मागितलेत आणि तो मेल कुणी न उघडलेल्या मेलबॉक्समध्ये पडलाय, हे अगदी घडण्यासारखं आहे. म्हणून दुरुस्ती झाल्यावर नव्या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये 'ईमेल अकाउंट्स' उघडून तिथे काही साचलंय का ते एकदा बघाच.

तपासण्या, फुकट आणि सोप्यापासून

पहिली : डोमेनची मुदत आणि स्थिती. कोणत्याही हूइज (डोमेनची नोंद दाखवणाऱ्या) पानावर डोमेन टाकून मुदत संपलीय का आणि स्थितीत 'होल्ड' शब्द आहे का ते बघा. दोन मिनिटांचं काम, पण डोमेनच थांबवलेलं असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. इथे एक फसवी जागा आहे. डॉट कॉमसारखं डोमेन नवं घेतलं, ट्रान्सफर केलं किंवा मालकाची माहिती बदलली, तर रजिस्ट्रारने पाठवलेला पडताळणीचा मेल पंधरा दिवसांत मंजूर करावा लागतो, नाहीतर डोमेन थांबवलं जाऊ शकतं. मालकाचा मेल त्याच डोमेनवरचा आणि मेल बंद! पडताळणीचा मेल येणार कुठे? रजिस्ट्रारकडे नेहमी बाहेरचा, मालकाच्या स्वतःच्या ताब्यातला मेल पत्ता द्या.

दुसरी : नेमसर्व्हर खरंच कुठे आहेत. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर एनएसलुकअप ही डीएनएसला प्रश्न विचारणारी आज्ञा चालवून प्रकार 'एनएस' निवडा, किंवा डीएनएस दाखवणाऱ्या एखाद्या फुकट साइटवर बघा. उत्तर रजिस्ट्रारच्या पॅनेलशी जुळवा. 'एका पार्टीचे येतात, दुसऱ्याचे नाहीत' या लक्षणाचं कारण बरेचदा इथेच सापडतं : दोन नवे नेमसर्व्हर टाकले आणि जुने दोन 'असू देत, बॅकअप' म्हणून तसेच ठेवले. नेमसर्व्हरमध्ये बॅकअप असा प्रकार नसतो. विचारणारा चारांपैकी कुणालाही विचारतो. दोन वह्यांत वेगवेगळं लिहिलेलं असेल तर उत्तर नशिबावर. यादीत एकाच कंपनीचे नेमसर्व्हर ठेवा.

तिसरी : एमएक्स रेकॉर्ड. आधी थेट नव्या नेमसर्व्हरला विचारा. एनएसलुकअपला शेवटी त्या नेमसर्व्हरचं नाव दिलं की तो स्वतःच्या वहीतलं उत्तर देतो, कुणाच्या आठवणीतलं नाही. मग गूगलच्या ८.८.८.८ला आणि क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ला विचारा. नवा नेमसर्व्हर बरोबर सांगतोय आणि हे दोघे चूक, तर तुमचं काम झालंय, आता थांबायचं. नवाच चूक सांगतोय, तर थांबून काही होणार नाही. हा फरक न बघता 'प्रोपगेशन (बदल जगभर पसरणं) चालू आहे, ४८ तास लागतात' असं सांगून लोकांना बसवून ठेवतात, त्याचा मला राग येतो. नसलेला रेकॉर्ड ४८ तासांनीही नसलेलाच राहतो.

उत्तरात काय दिसायला हवं ते तुमचा मेल कुणाकडे आहे त्यावर अवलंबून. गूगल वर्कस्पेस जुनं असेल तर 'एएसपीएमएक्स'ने सुरू होणारं एक आणि 'ऑल्ट १' ते 'ऑल्ट ४' अशी पाच नावं असतात. नव्या पद्धतीत 'एसएमटीपी डॉट गूगल डॉट कॉम' एवढं एकच. दोन्ही चालतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ला बहुधा तुमच्या डोमेनच्या नावापासून बनलेला आणि 'मेल डॉट प्रोटेक्शन डॉट आउटलुक डॉट कॉम'ने संपणारा एक पत्ता असतो. झोहोच्या भारतातल्या खात्याला साधारणपणे 'एमएक्स', 'एमएक्स २', 'एमएक्स ३' असे झोहो डॉट इनचे तीन. तुमचे नेमके कोणते ते मेल कंपनीच्या अॅडमिन पानावर असतात. तिथूनच कॉपी करा, हाताने टाइप करू नका.

चुका ठरलेल्या आहेत. काही पॅनेल तुम्ही लिहिलेल्या नावापुढे डोमेन आपोआप जोडतात, मग नाव दोनदा येतं आणि पत्ता कुठेच जात नाही. नावाच्या शेवटी पूर्णविरामाचा टिंब दिला की बहुतेक पॅनेलमध्ये हे थांबतं. एमएक्समध्ये आयपी पत्ता टाकलेला असतो. तिथे सर्व्हरचं नावच लागतं. आणि नव्या होस्टिंगने स्वतःचा एमएक्स आधीच भरून ठेवलेला असतो, लोक त्याच्या शेजारी गूगलचे घालतात. मग थोडे मेल इकडे, थोडे तिकडे. होस्टिंगचा तो एमएक्स काढून टाका.

चौथी : जुन्या वहीची प्रत. राहिलेलं भरायचं कुठून, हा पुढचा प्रश्न. जुनं खातं चालू असेल तर नेमसर्व्हर बदलल्यानंतरही जुना नेमसर्व्हर बहुधा उत्तर देत असतो. त्याला थेट विचारा आणि एकेक रेकॉर्ड उतरवून घ्या. जुन्या पॅनेलमध्ये 'एक्सपोर्ट झोन' (झोन म्हणजे डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डची वही) असेल तर सगळ्यात उत्तम. म्हणूनच जुनं होस्टिंग 'आता कशाला पैसे भरायचे' म्हणून लगेच बंद करू नका. वाचणारे पैसे किरकोळ असतात, आणि ते बंद झालं की खरी प्रत जगात कुठेच उरत नाही.

नवी कंपनी 'तुमचे रेकॉर्ड आम्ही स्कॅन करून आणलेत' म्हणते, त्यावर विसंबू नका. बाहेरून कुणालाही संपूर्ण झोन वाचता येत नाही. स्कॅनर नेहमीची नावं विचारून बघतो : डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, मेल, एफटीपी. वेगळ्या नावाचा रेकॉर्ड त्याला दिसतच नाही. हमखास सुटतात ते डीकेआयएमचे (मेलवरची सही तपासायची किल्ली असलेले) रेकॉर्ड, कारण त्यांचं नाव एका 'सिलेक्टर'वरून बनतं आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. तुमचा सिलेक्टर शोधायची सोपी पद्धत : बिघाडाआधी तुम्ही कुणाच्या जीमेलवर पाठवलेला मेल त्यांना उघडायला सांगा आणि 'शो ओरिजिनल'मध्ये डीकेआयएम सिग्नेचरची ओळ बघायला लावा. तिथे 'एस' या अक्षरापुढे बरोबरच्या चिन्हानंतर जे लिहिलंय, तो तुमचा सिलेक्टर. गूगलचा बहुधा 'गूगल'च असतो, मायक्रोसॉफ्टचे 'सिलेक्टर १' आणि 'सिलेक्टर २'.

त्याच वेळी 'ऑटोडिस्कव्हर' आणि 'मेल', 'एसएमटीपी', 'आयमॅप' अशा नावांचे रेकॉर्डही उतरवा. आउटलुक आणि मोबाइल यांच्याच भरवशावर चालतात. क्लाउडफ्लेअरवर गेला असाल तर या नावांपुढचा नारिंगी ढग बंद करून राखाडी ठेवा. नारिंगी ढगातून फक्त वेबची वाहतूक जाते, मेलची जात नाही. 'ब्राउझरमध्ये दिसतो, मोबाइलवर नाही' या तक्रारीचं उत्तर अनेकदा एवढंच असतं.

पाचवी : जाणारे मेल स्पॅममध्ये का. इथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (आधीच्या दोन तपासण्या चुकल्या तर मेलचं काय करायचं ती सूचना) हे तीन रेकॉर्ड बघायचे. एसपीएफ म्हणजे 'आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी यांना आहे' अशी यादी. एका डोमेनला एसपीएफ एकच चालतो. नव्या होस्टिंगने स्वतःचा टाकला आणि तुम्ही मेल कंपनीचा वेगळा टाकला, तर दोन झाले, आणि नियमाने तपासणी थेट चुकीत निघते. दोन्हींमधला मजकूर एका ओळीत एकत्र करा. त्या एका ओळीतही दहापेक्षा जास्त डीएनएस चौकश्या लागायला नकोत, त्यामुळे बंद केलेल्या सेवा यादीतून काढा. बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर, सीआरएम, न्यूजलेटर यातलं जे चालू आहे ते मात्र यादीत राहू द्या. अकाउंट्सच्या टेबलावर जाऊन विचारा, आयटीवाल्याला हे माहीत नसतं.

डीकेआयएममध्ये लांबी नडते. २०४८ बिटची किल्ली एका तुकड्यात मावत नाही, कारण टीएक्सटी रेकॉर्डचा एक तुकडा २५५ अक्षरांचाच असतो. चांगलं पॅनेल आपणहून तुकडे करतं, काही पॅनेल गुपचूप शेपूट कापतात. सेव्ह केल्यावर पुन्हा उघडून शेवटची अक्षरं जुळवा. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केलेत आणि ओळख पटवणारा एकही रेकॉर्ड नसलेले मेल तो सरळ नाकारू शकतो. परत आलेल्या मेलमध्ये '५.७.२६' दिसलं तर गाडी इथेच अडलीय.

सहावी : फॉर्मचे मेल. सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या पॅनेलमध्ये, 'ईमेल राउटिंग' उघडा. तिथे 'लोकल' निवडलेलं असेल तर वेबसाइटचा सर्व्हर तुमच्या डोमेनचे मेल बाहेर न पाठवता स्वतःच्याच पोटात ठेवतो. एमएक्स कितीही बरोबर असला तरी तो बघतच नाही. 'रिमोट' करा. जगाचे मेल येतात आणि फक्त आपल्याच साइटचे येत नाहीत, याचं कारण हे. काही व्यवसायांची सगळी नवी गिऱ्हाइकं फॉर्ममधूनच येतात, आणि हा बिघाड त्यांच्याकडे महिनोन् महिने कुणाला कळत नाही. मेल न येणं कुणाला दिसत नाही ना!

सातवी : डीएनएसएसईसी, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवरची डिजिटल सही. काही नेटवर्कवर सगळं बंद, काहींवर चालू, हे याचं लक्षण. जुन्या जागी डीएनएसएसईसी चालू होतं आणि रजिस्ट्रारकडे त्याचा 'डीएस' रेकॉर्ड (ती सही पडताळायची नोंद) तसाच राहिला, तर सही तपासणारे सर्व्हर नव्या वहीवरची सही जुळत नाही म्हणून उत्तरच नाकारतात. न तपासणारे चालू देतात. रजिस्ट्रारच्या पॅनेलमधून जुना डीएस काढावा लागतो आणि त्याची आठवण जाईपर्यंत थांबावं लागतं. मुळात नेमसर्व्हर बदलायच्या एक-दोन दिवस आधीच तो काढायचा असतो.

दुरुस्तीनंतर किती थांबायचं

राहिलेला रेकॉर्ड भरल्यावर लगेच सगळ्यांना दिसेलच असं नाही. 'हा रेकॉर्ड नाही' हे उत्तरही सर्व्हर काही काळ लक्षात ठेवतात, साधारण काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत. तेवढा वेळ द्या. पण त्या वेळात पुन्हा पुन्हा बदल करू नका, नाहीतर कोणत्या बदलाने काय झालं ते कधीच कळणार नाही. चाचणीसाठी जीमेलवरून एक आणि आउटलुक डॉट कॉमच्या खात्यावरून एक मेल स्वतःला पाठवा, मग दोघांनाही उत्तर द्या. आपल्याच डोमेनवरून आपल्यालाच पाठवलेला मेल काही सिद्ध करत नाही, तो बाहेर पडतच नाही.

पुन्हा हलवायचं असेल तर

आधी विचारा, नेमसर्व्हर बदलायची गरज आहे का? नुसती साइट नव्या होस्टिंगवर न्यायची असेल तर जुन्या डीएनएसमध्ये ए रेकॉर्ड आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू बदलले की पुरतं. मेलला धक्काच लागत नाही. वेबसाइट करणाऱ्याला हे स्पष्ट सांगा : "दादा, आयपी द्या, आम्ही टाकतो."

खरंच हलवायचं असेल तर दोन दिवस आधी टीटीएल (रेकॉर्ड किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) ३०० सेकंदांवर आणा, झोनची प्रत घ्या, नव्या जागी सगळं भरा आणि नेमसर्व्हर बदलण्याआधी नव्या नेमसर्व्हरला थेट विचारून प्रत्येक उत्तर जुन्याशी जुळवा. दिवस निवडताना जीएसटीची तारीख बघा. महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ची ११ तारीख आणि ३बीची २० तारीख, या दोन्हींच्या आदले दोन दिवस नकोत, कारण ओटीपी आणि सीएचे मेल त्याच पत्त्यावर येतात. टेंडर भरायचं असेल तो आठवडाही टाळा. जुनी जागा बदलानंतर निदान आठवडाभर चालू ठेवा, आणि या काळात एखादा रेकॉर्ड बदलावा लागला तर दोन्हीकडे बदला.

कुठे थांबायचं आणि माणूस बोलवायचा

रजिस्ट्रारचं लॉगिन तुमच्याकडे नाही, डोमेन जुन्या डिझायनरच्या किंवा सोडून गेलेल्या भागीदाराच्या नावावर आहे, तर रेकॉर्डशी खेळू नका. आधी मालकीचे कागद आणि रजिस्ट्रारशी बोलणं. मेलबॉक्सच जुन्या होस्टिंगवर आहेत, म्हणजे मेल गूगल-झोहोसारख्या कंपनीकडे नसून सीपॅनेलमध्येच आहे, तर ते खातं बंद करताच मागचे सगळे मेल पुसले जाऊ शकतात. ही मेलबॉक्सची हलवाहलव आहे, डीएनएसची नाही, आणि ती अनुभवी माणसानेच करावी. जुनं खातं आधीच बंद झालंय आणि प्रत नाही, डीएस रेकॉर्ड कुठून आला ते कळत नाही, ऑफिसमध्ये स्वतःचा एक्सचेंज (मेलचा) सर्व्हर आहे, किंवा अर्धे मेलबॉक्स एका कंपनीकडे आणि अर्धे दुसरीकडे आहेत, तरीही थांबा. आणि नवा नेमसर्व्हर सगळं बरोबर सांगतोय, ४८ तास उलटलेत, तरी मेल नाही, तर दोष डीएनएसमध्ये नाही. मेल कंपनीच्या सपोर्टला तिकीट टाका.

बोलावलेल्या माणसाला तीन गोष्टी द्या : नेमसर्व्हर बदलल्याची तारीख-वेळ, जुन्या आणि नव्या नेमसर्व्हरची नावं, आणि पाठवणाऱ्याकडे परत गेलेला मेल. तो मेल जसाच्या तसा फाइल म्हणून मागवून घ्या, स्क्रीनशॉट नको. त्यात खाली दडलेला आकडा ४ने सुरू होतोय की ५ने, यावरून पाठवणाऱ्याचा सर्व्हर अजून प्रयत्न करतोय की सोडून दिलंय ते बहुधा लगेच कळतं, आणि ५ असेल तर कोणत्या पार्ट्यांना मेल पुन्हा पाठवायला सांगायचं ती यादी ऑफिसमधून त्याच दिवशी निघायला हवी. लॉगिन आणि पासवर्ड मात्र व्हॉट्सॅपवर पाठवू नका. बहुतेक पॅनेलमध्ये दुसऱ्या माणसाला मर्यादित प्रवेश देण्याची सोय असते, ती वापरा आणि काम झाल्यावर तो प्रवेश काढून घ्या.